शिह त्झूचं पिल्लू, दोघांची नोकरी आणि दिवसभर रिकामं घर

अबोलीचा_गजरा (पुणे)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथे वाचनमात्र होते, आज अडले म्हणून धागा काढतेय.

आमच्याकडे नुकतंच शिह त्झू जातीचं कुत्र्याचं पिल्लू आलंय. नर, दोन महिने पूर्ण, वजन जेमतेम सव्वा किलो. सदा मुटकुळं करून झोपलेला असतो म्हणून नाव ठेवलंय मुटका. घरी मी आणि नवरा, दोघंच. राहायला वाकडला, दोघांचीही ऑफिसं हिंजवडीत. सध्या मी रजेवर आहे. पुढच्या सोमवारपासून मला आठवड्यातले तीन दिवस आणि नवऱ्याला चार दिवस जावंच लागणार. कसंही जुळवलं तरी दोन दिवस असे उरतात की सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात कुणी नाही. (किती किलोमीटर ते विचारू नका. हिंजवडीत अंतराचा आणि वेळेचा संबंध नसतो.)

सासूबाई म्हणतात, बाल्कनीत ठेवा, हवा लागेल. नवरा म्हणतो, क्रेट आणू. मला पिंजरा म्हटलं की कसंतरीच होतं. कामाच्या मावशी कुत्र्याला घाबरतात, तो मोकळा दिसला तर दारातूनच परत जातील. आणि मुख्य म्हणजे मी कचरा टाकायला खाली गेले तरी हा दाराशी बसून केकाटतो. लसीचा एकच डोस झालाय.

अनुभवी लोकांनी सांगा, काय करता येईल? रागवायचं असेल तर थोडक्यात रागवा.

खडूस_काका (डोंबिवली)

थोडक्यात रागावतो. दोघं नोकरीवर, घरात तिसरं माणूस नाही, मग पिल्लू कशाला? चार-पाच वर्षांचं मोठं कुत्रं दत्तक घ्यायचं होतं. ती दुपारभर ताणून देतात.

टेकडीवाला (पुणे)

काका, मुद्दा मान्य, पण पिल्लू आता घरात आलंय. पुढचं बोलू.

ताई, बाल्कनीचा विचार आजच्या आज सोडा. सव्वा किलोचा जीव गजांमधून सहज निसटतो. दुपारचं ऊन, कबुतरांची घाण, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. आणि एकदा का तो तिथून रस्त्यावरच्या कुत्र्यांशी गप्पा मारायला शिकला की सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्याशी गप्पा मारायला येतील.

ओसरी (ठाणे)

माझ्याकडे शिह त्झूच आहे, आता सात वर्षांची. मीही नोकरी करतच तिला वाढवलं, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे दहा तास जमणार नाहीत. यात पर्याय शोधू नका. पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवायचा, तितके तास ते फार तर शू धरू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे मुटका तीन तास. तेही झोपेत. जागा असला, खेळला, पाणी प्यायला की लगेच. याचा अर्थ त्या दोन दिवसांत मधे किमान दोनदा कुणीतरी माणूस घरात आलं पाहिजे. कॅमेरा, आपोआप खाणं देणारं मशीन, टीव्ही लावून ठेवणं, हे सगळं त्या माणसाच्या जोडीला चालेल. त्याच्याऐवजी नाही चालणार.

क्रेट की मोकळं, या भांडणात मधला रस्ता आहे: प्ले-पेन. जाळीच्या सुट्या चौकटी एकमेकींत अडकवून कुंपण होतं, ते हॉलच्या एका कोपऱ्यात मांडायचं. आत एका बाजूला अंथरूण (किंवा दार काढलेला क्रेट, तो मग पिंजरा राहत नाही, ढोली होते), अंथरुणापासून लांबच्या टोकाला पी पॅड (शू शोषणारी घडी) किंवा वर्तमानपत्रं, मधे पाणी. कुत्री आपल्या झोपायच्या जागी सहसा घाण करत नाहीत, म्हणून ही दोन टोकं लांब हवीत. पिल्लू दिवसाचे अठरा-वीस तास झोपतं, त्यामुळे त्याला अख्खा फ्लॅट नकोच असतो. अख्खा फ्लॅट दिलात तर ते चार्जरच्या वायरी शोधतं.

पेनखालच्या फरशीकडे लक्ष द्या. आपल्याकडच्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर ही पिल्लं पाय फाकवून घसरतात. लहान जातींमध्ये मागच्या पायाची गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष मुळातच जास्त आढळतो, त्यात रोजचं घसरणं नको. जुनी योगा मॅट, रबरी पाठीची चटई, काहीही चालेल. सतरंजी नको, ती फरशीवर त्याच्याहून जास्त घसरते.

मावशींचा प्रश्नही पेनमुळे सुटतो. त्या आल्या की तो आत. माझ्याकडच्या मावशी पहिले काही दिवस जिन्यातून ओरडायच्या, “बांधलंय का?” आता माझ्या नकळत तिला बिस्किटं घालतात. बिस्किटं घालू नका हे त्यांना सांगणं मी सोडून दिलंय.

नागपुरी_बर्डी (नागपूर)

ओसरीताईंशी सहमत. फक्त उन्हाचं जोडतो. चपट्या नाकाची जात आहे ही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि नाक-घसाच आखूड असला की ते नीट जमत नाही. आमच्याकडे मे महिन्यात ४५ ला पारा जातो तेव्हा पग न् शिह त्झूवाल्यांची धावपळ पाहा बाप्पा! पुण्यातही एप्रिलमध्ये चाळिशी गाठते. एसी लावून निघालात आणि मागे लाईट गेली तर बंद खोलीचा भट्टा होतो. म्हणून पेन घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, पश्चिमेच्या खिडकीपासून दूर. पाणी दोन जड भांड्यांत, एक तो सांडणारच. आणि ज्या माणसाच्या हातात चावी देणार त्याला लाईट गेल्याचं कळलं पाहिजे.

आजोबांचा_वाडा (वाई)

आमच्या वाड्यात पंचवीस-तीस वर्षं कुत्री होती. पोळी-दूध कुस्करून घालायचो, अंगणात राहायची, लस-बिस नव्हती, दहा-बारा वर्षं जगायची. हल्ली फारच कौतुकं झाली आहेत.

ओसरी (ठाणे)

आजोबा, तुमच्या अंगणात जी दहा-बारा वर्षं जगली ती लक्षात राहिली. जी पिल्लं दोन-तीन महिन्यांत रक्ताची हगवण लागून गेली ती किती होती, तेही आठवा. आणि अंगण होतं, घरात कायम माणसं होती. इथे आठव्या मजल्यावरचा दोन बीएचके आहे.

आजोबांचा_वाडा (वाई)

हगवणीने जायची हे खरं. आई म्हणायची नजर लागली.

गुरांचा_डॉक्टर (सातारा)

आजोबा, त्या नजरेचं नाव पार्वो. भारतात हा विषाणू ऐंशीच्या दशकात पसरला आणि लस न दिलेल्या पिल्लांमध्ये आजही तोच सगळ्यात मोठा घातकी.

ओळख म्हणून सांगतो, पशुसंवर्धन खात्यात नोकरी केली, हयात गाई-म्हशींत गेली. निवृत्तीनंतर मुलीच्या दवाखान्यात बसतो. तिथे हल्ली म्हशींऐवजी शिह त्झू आणि पॉमेरियन येतात. (पॉमेरियन म्हणून येणारी बहुतेक आपली इंडियन स्पिट्झ असतात, पण मालकांना ते सांगितलेलं आवडत नाही.)

सगळे शी-शूवर बोलताहेत, मी पोटाबद्दल बोलतो. इतक्या लहान जातीचं पिल्लू तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत फार वेळ उपाशी राहिलं तर त्याच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. यकृतात साठा कमी, अंगावर चरबी-मांस कमी आणि शरीर लहान असल्यामुळे उष्णता लवकर जाते. नवीन घर, ताण, थंडी, जंत किंवा जुलाब यांपैकी काही जोडीला असलं की आणखी लवकर. लक्षणं अशी: पिल्लू मलूल होतं, झोकांड्या खातं, थरथरतं, हाक मारली तरी नजर लागत नाही, पुढे झटके येतात. घरात माणूस असलं तर मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटाने हिरड्यांवर चोळायचा, पिल्लू गुंडाळून ऊबेत ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. आता घरात दहा तास कुणीच नसलं तर हे करणार कोण? वर ओसरीताई म्हणाल्या ते दहा तास जमणार नाहीत, त्याचं माझ्या लेखी हे कारण पहिलं.

खाणं तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोनदा. पिल्लांसाठीचं, लहान जातीचं कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून द्या. पोळी-दूध नको. आईचं सुटल्यावर गाईचं दूध अनेक पिल्लांना पचत नाही, ढाळ लागतात, आणि पोळीतून वाढीला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम मिळत नाही. घरचं द्यायचं असेल तर उकडलेलं अंडं, चिकन, भात असं देता येतं, पण मग प्रमाण डॉक्टरकडून लिहून घ्या, अंदाजपंचे नको.

लसी: सहा ते आठ आठवड्यांना सुरू करून दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू १६ आठवड्यांचं होईपर्यंत. मधेच थांबायचं नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते. रेबीजची तीन महिने पूर्ण झाल्यावर. जंताचं औषध तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर जमिनीवर सोडू नका. पार्वो जमिनीत महिनोन् महिने टिकतो, बुटाच्या तळव्याला लागून घरात येतो. चपला दाराबाहेर. फिनाईलने तो मरत नाही. ब्लीच लागतं, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून मग धुवायचं. पुसताना पिल्लू दुसऱ्या खोलीत.

सांडगी_मिरची (सोलापूर)

डॉक्टरसाहेब, दंडवत. वाचनखूण साठवली.

अवांतर: मुटका नाव झक्कास आहे.

खडूस_काका (डोंबिवली)

एक विचारायचं राहिलं. दोन महिने पूर्ण आहेत आणि ‘नुकतंच’ आलं, म्हणजे नेमकं कितव्या आठवड्यात घेतलंत? २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आहे. आणि विकणाऱ्याकडे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी असावी लागते. बघितली होती?

अबोलीचा_गजरा (पुणे)

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

काका, विकणाऱ्याने ‘नऊ आठवडे’ सांगितलं. आमच्या डॉक्टर दात पाहून वय जुळतंय म्हणाल्या. नोंदणीचं आम्हाला माहीत नव्हतं, आता विचारते.

डॉक्टरसाहेबांचा प्रतिसाद वाचून नवऱ्याने मधाची बाटली फ्रीजवर आणून ठेवली आणि दोन दिवस घरून काम मागितलं. एक मिळाला. पेन मागवलाय. आता सोमवारचा एकच दिवस उरला. तो दिवस कसा काढायचा? आणि केकाटण्याचं काय? पेनमध्ये ठेवून मी बाथरूममध्ये गेले तरी सुरू होतो.

शेजारचा_फ्लॅट (मुंबई)

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. माझ्या भिंतीपलीकडे असंच एक पिल्लू होतं. मालक सकाळी साडेआठला निघायचे. पिल्लू निघाल्याबरोबर सुरू व्हायचं, पहिला अर्धा-पाऊण तास अगदी जीव तोडून, मग दमून गप्प, मग लिफ्टचा आवाज आला की पुन्हा. मालकांना वाटायचं आम्ही कुत्र्याचा दुस्वास करतो. मी घरून काम करतो, ऐकत होतो म्हणून सांगितलं, इतकंच. तुमच्या शेजाऱ्यांना आजच जाऊन सांगा की पिल्लू आलंय, काही दिवस त्रास होईल, रडलं तर आम्हाला कळवा. आधी सांगितलेलं आणि नंतर भांडणात सांगितलेलं, यात फार फरक पडतो.

टेकडीवाला (पुणे)

+१. आणि कायदा तुमच्या बाजूने आहे हेही माहीत असू द्या. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळाच्या फेब्रुवारी २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण हा कागद खिशात असू द्यावा, पहिल्या भेटीत काढू नये. आणि रेबीजची लस झाली की महापालिकेचा परवाना काढून टाका.

ओसरी (ठाणे)

केकाटण्याबद्दल. दोन महिन्यांच्या पिल्लाचं रडणं हट्ट नव्हे. काल-परवापर्यंत ते आई आणि भावंडांच्या ढिगात झोपत होतं. एकटं राहणं त्याला शिकवावं लागतं, आणि ते तुम्ही घरी असतानाच शिकवायचं. रजेचे उरलेले दिवस यातच घाला.

पेन पहिल्यांदा तुमच्या समोर. तुम्ही सोफ्यावर, तो आत, दार उघडं. आतच जेवण, आतच खेळणं. तो आपणहून आत जाऊन झोपायला लागला की मग दार लावायचं, तुम्ही तिथेच. मग तुम्ही स्वयंपाकघरात, दिसाल अशा. मग न दिसता, पण भांड्यांचा आवाज येईल अशा. मग दाराबाहेर. रडायला सुरुवात होण्याच्या आधी परत यायचं, सगळी गोम इथेच आहे. अर्धं मिनिट जमलं तर अर्धं मिनिट. दुसऱ्या दिवशी दोन. रडू लागला म्हणजे तुम्ही घाई केलीत, एक पायरी मागे या. ‘रडू दे, दमेल’ हा सल्ला पुष्कळ जण देतील. दमतो खरा, पण आपण गेलो की भयंकर काहीतरी होतं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसतं.

दुसरं, तुमच्या निघण्याच्या खुणा त्याला चार दिवसांत पाठ होतात. किल्ल्यांचा आवाज, डब्याची पिशवी, सॅक, बूट. म्हणून उगाचच किल्ल्या उचला आणि सोफ्यावर बसा. बूट घालून भाजी चिरा. नवरा हसेल, हसू दे.

निघताना पोट भरलेलं, शी-शू झालेली, थोडं खेळून दमलेला असा असावा. पोकळ रबरी खेळण्यात भिजवलेलं खाणं किंवा थोडं दही भरून द्या, चाटत बसतो. खेळण्याचा आकार मात्र गिळता येणार नाही असा. आणि निरोपाचा सोहळा नको. ‘मम्मा आत्ता येते हं शोन्या’ हे दहा वेळा केलंत की त्यालाही वाटतं काहीतरी गंभीर आहे.

कॅमेरा लावा, तो उपयोगी पडतो. पण त्यातून बोलू नका. आवाज येतो, माणूस दिसत नाही, पिल्लू घरभर शोधत फिरतं. माझी मुलगी ऑफिसातून हौसेने बोलायची, तिचं ते बंद करायला मला जास्त वेळ लागला.

उत्तरेचा_वारा (स्टॉकहोम)

इथलं सांगतो. स्वीडनमध्ये नियमच आहे की कुत्र्याला दिवसा किमान दर सहा तासांनी बाहेर फिरवलं पाहिजे, पिल्लांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून जास्त वेळा. घरात दार बंद करून क्रेटमध्ये कोंडून ठेवायलाही मनाई, दार उघडं असेल तर चालतं. त्यामुळे इथे कुत्र्यांची पाळणाघरं जागोजागी आहेत. माझा सहकारी सकाळी आधी मुलीला पाळणाघरात सोडतो, मग कुत्र्याला त्याच्या पाळणाघरात, मग ऑफिसात येतो. म्हणतो कुत्र्याची फी मुलीपेक्षा जास्त आहे. (मुलांच्या पाळणाघराला सरकारी अनुदान असतं, कुत्र्यांच्या नसतं.)

अबोलीचा_गजरा (पुणे)

इथेही बाणेर-बावधनकडे डॉग डे-केअर आहेत. फोन केले. लसी पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत म्हणाले.

गुरांचा_डॉक्टर (सातारा)

ज्यांनी नकार दिला त्यांचा नंबर जपून ठेवा, तो चार महिन्यांचा झाला, लसी पूर्ण झाल्या की तिथेच घाला. जे आत्ता घ्यायला तयार होतील त्यांच्याकडे जाऊ नका.

लसी होईपर्यंत घरात कोंडून मात्र ठेवू नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात पिल्लू जग ओळखायला शिकतं. त्या काळात जे पाहिलं नाही त्याची भीती पुढे राहते. कडेवर घेऊन फिरवा. रिक्षाचा आवाज, दाढीवाला माणूस, हेल्मेट, छत्री, लहान मुलं, मंदिरातली घंटा, सगळं कडेवरून. लस झालेल्या ओळखीच्या कुत्र्याच्या घरी न्या. दिवाळीचे फटाके लांब असताना ढोलताशाचा आवाज मोबाईलवर अगदी बारीक लावून जेवायला द्या. पुण्यात राहायचंय त्याला.

सांडगी_मिरची (सोलापूर)

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलंत का? निवृत्त काका-काकू, कॉलेजची मुलं, कुणीतरी असतंच.

कोल्हापुरी_रस्सा (कोल्हापूर)

पुढच्या खेपेला गावठी घ्या. आमचं गावठी कुत्रं दोन महिन्यांचं असताना स्वतः जाऊन शेजाऱ्यांच्यात जेवून यायचं. हलके घ्या.

बाकी एक सांगतो, सोफ्यावर ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. आमच्या वहिनीच्या टॉय पॉमने मांडीवरून उडी मारली आणि पुढचा पाय मोडला. केवढीशी उंची ती!

गुरांचा_डॉक्टर (सातारा)

अगदी नेहमीची केस. टॉय जातींच्या पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीएवढी, मनगटाजवळ रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जुळायलाही वेळ लागतो. लहान मुलांच्या हातात उभ्याने देऊ नका, मुलाने जमिनीवर बसायचं, मग मांडीवर पिल्लू. आणि गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. या जातींची श्वासनलिका नाजूक असते.

एकटं असताना काय काय तोंडात जाऊ शकतं तेही बघा. डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, डासांच्या औषधाची बाटली, खाली पडलेली तापाची गोळी, कुंडीतलं डिफेनबेकिया, कण्हेर. खाण्यात कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे. सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे देव समजून घेईल, कुत्र्याची मूत्रपिंडं घेत नाहीत. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल याला कारणीभूत असावं असं आता मानतात, आणि ते चिंचेतही असतं. म्हणजे चिंचेची आमटीही नको. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल तर इतक्याशा पिल्लाला थोडंसं पुरतं, साखर धाडकन उतरते.

आजोबांचा_वाडा (वाई)

म्हणजे द्यायचं तरी काय बिचाऱ्याला!

ओसरी (ठाणे)

गाजर, आजोबा. काकडी. भोपळा उकडून. बी काढलेलं सफरचंद. खूश असतात.

अबोलीचा_गजरा (पुणे)

सांडगी_मिरची, तुमच्या तोंडात साखर पडो. ग्रुपवर विचारलं. बी विंगमध्ये बारावी झालेली एक मुलगी आहे, तिला कुत्र्यांचं वेड, पण घरचे पाळू देत नाहीत. ती साडेअकराला आणि साडेतीनला येते. जेवण, पॅड बदलणं, अर्धा तास खेळणं. पैसे घ्यायला तयार नव्हती, तिच्या आईला भेटून ठरवलं. समोरच्या फ्लॅटमधल्या आजींकडे एक जादा चावी आहे, लाईट गेली की त्या डोकावतात. पहिला सोमवार पार पडला. कॅमेऱ्यात पाहिलं, आम्ही गेल्यावर पंधरा मिनिटं कण्हला, मग झोपला. आजी पेनबाहेर खुर्ची टाकून त्याला हरिपाठ ऐकवत होत्या हेही कॅमेऱ्यात दिसलं. बोलायचा मोह आवरला.

शू अजून पॅडच्या काठावर होते. अर्धी आत, अर्धी बाहेर.

ओसरी (ठाणे)

पुढचे पाय पॅडवर आले की त्याला वाटतं आपण पोचलो. जरा मोठा पॅड घ्या, किंवा दोन जोडून ठेवा. बरोबर जागी झाली की त्याच क्षणी खाऊ, पाच मिनिटांनी नाही. चुकीच्या जागी झाली तर नाक घासणं, ओरडणं काही करायचं नाही, नाहीतर तो तुमच्यासमोर करायचंच बंद करतो आणि पडद्यामागे उरकतो. पुसायला एन्झाइमवालं क्लीनर मिळतं ते वापरा, वास राहिला की तीच जागा पक्की होते.

खडूस_काका (डोंबिवली)

जमवलंत. त्या मुलीला पैसे वेळेवर देत जा.

नागपुरी_बर्डी (नागपूर)

काका विरघळले! धागा सार्थकी लागला.

अबोलीचा_गजरा (पुणे)

धागा वर काढतेय. मुटका आता पाच महिन्यांचा, लसी पूर्ण, सोमवारी डे-केअरला जातो. नवीन शंका: खालचे पुढचे दात पडून नवे आले, पण वरचा एक सुळा दुहेरी दिसतोय. जुना आणि नवा शेजारी शेजारी. काढावा लागतो का?

गुरांचा_डॉक्टर (सातारा)

लहान जातींत हे फार दिसतं. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात, पण सुळे चिवट असतात. चावायला रबरी खेळणं, थंड गाजर देत राहा, हाड नको. सहा-सात महिन्यांपर्यंत आपणहून पडला नाही तर काढून टाकावा लागतो, नाहीतर दोन दातांच्या फटीत अन्न अडकून हिरडी खराब होते आणि नवा सुळा वाकडा येतो. नसबंदी करणार असाल तर त्याच भुलीत दोन्ही कामं होतात, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला उगाच दोनदा भूल नको.